गाडी टायर एका बाजूने का खाते? : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सगळेच टायर झिजतात. मग 'गाडी टायर खाते' असं कधी म्हणायचं?

कारच्या नव्या टायरची नक्षी साधारण ७ ते ८ मिलिमीटर खोल असते. ती १.६ मिलिमीटरवर आली की कायद्याने टायर बाद. खाचांमध्ये ठरावीक अंतरावर रबराचे छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की ही मर्यादा गाठली असं समजायचं. टायर सगळीकडून सारखा झिजत इथपर्यंत आला असेल, तर त्याने आपलं काम केलं. पण मधली नक्षी ५ मिलिमीटर आणि आतली कड गुळगुळीत असेल, तर गाडी टायर खाते आहे. अशा टायरमधलं अर्ध्याहून जास्त रबर न वापरताच फेकावं लागतं.

माझे टायर बाहेरून छान दिसतात. बघायची गरज आहे का?

आहे, कारण उभ्याने दिसते ती फक्त बाहेरची कड. आतली कड लपलेली असते, आणि बरेचदा गडबड तिथेच असते. कितीतरी लोकांना ती पंक्चर काढताना चाक खाली उतरल्यावरच पहिल्यांदा दिसते, तोवर टायरच्या आतल्या पोलादी तारा डोकावत असतात.

पुढच्या चाकांसाठी स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवा आणि गाडी बंद करा. एका टायरची पूर्ण रुंदी समोरून दिसेल, दुसऱ्याची मागून. मागच्या चाकांसाठी मोबाइल गाडीखाली धरून फोटो काढा. नंतर हात फिरवा. खोली मोजायचं छोटं गेज दोन-अडीचशे रुपयांत मिळतं. आत, मध्ये आणि बाहेर अशा तीन ठिकाणी खोली मोजून तारखेसकट लिहून ठेवा. दोन महिन्यांनी पुन्हा मोजलं की मेकॅनिकशी बोलायला तुमच्याकडे आकडे असतील.

झिजेवरून कारण ओळखता येतं का?

बऱ्याच वेळा येतं. आमचं मत विचाराल तर अलाइनमेंटच्या, म्हणजे चाकांचे कोन जुळवण्याच्या, मशीनवर गाडी चढवण्याआधी टायर वाचायला हवा. मशीन त्या क्षणीचे कोन दाखवतं. टायर मागच्या काही हजार किलोमीटरमध्ये काय झालं ते दाखवतो.

दोन्ही कडा झिजल्या आणि मधला भाग शाबूत असेल, तर हवा कमी ठेवून गाडी चालवली आहे. मधलाच पट्टा झिजला असेल तर हवा जास्त. फक्त आतली किंवा फक्त बाहेरची कड गेली असेल तर चाकांच्या कोनाकडे बघायचं. पृष्ठभागावर ठिकठिकाणी खळगे असतील तर शॉकअप (चाकाचे दणके झेलणारा भाग) किंवा बॅलन्सिंग (चाकाच्या वजनाचा समतोल). एकाच जागी टक्कल पडलं असेल तर करकचून ब्रेक लागून चाक घसटलं असेल किंवा टायर आतून सुटत असेल. यातलं शेवटचं धोक्याचं आहे, त्याबद्दल खाली लिहिलं आहे.

मात्र खूण नेहमी इतकी स्वच्छ मिळत नाही. हवा कमी आणि कोनही बिघडलेले, अशा गाडीत दोन्ही खुणा एकमेकांवर चढतात. मग आधी हवा ठीक करून काही दिवस चालवायची आणि पुन्हा बघायचं.

हवा किती ठेवायची? पंपावरचा माणूस म्हणतो ३५ सगळ्यांना चालतं.

ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर किंवा गाडीच्या पुस्तकात आकडा दिलेला असतो, तोच धरायचा. बऱ्याच छोट्या गाड्यांना तो ३० ते ३६ पीएसआयच्या (हवेच्या दाबाचं माप) दरम्यान असतो, आणि दोन माणसांसाठी आणि पूर्ण भरलेल्या गाडीसाठी वेगवेगळा असू शकतो. टायरच्या बाजूवर ४४ किंवा ५१ असं काही छापलेलं असतं, ती टायर सहन करू शकणारी कमाल मर्यादा आहे. तो आकडा बघून हवा भरणारे लोक आहेत, आणि त्यांचे टायर मधूनच जातात.

हवा थंड टायरमध्ये मोजायची, म्हणजे गाडी किमान तीन तास उभी असताना किंवा एक-दोन किलोमीटरच चालवलेली असताना. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावरून येऊन फूड मॉलजवळ हवा तपासली तर ती ३ ते ५ पीएसआयने जास्तच दिसणार. ती 'जादा' म्हणून काढून टाकली, तर सकाळी तोच टायर कमी हवेचा झालेला असतो.

विदर्भातल्या वाचकांनी ऋतूकडेही लक्ष द्यावं. नागपुरात मे महिन्याच्या दुपारी ४५ अंशांत ३३ पीएसआय भरली आणि नंतर हात लावला नाही, तर डिसेंबरच्या १२ अंशांच्या पहाटे एक कणही हवा न गळता ती २८च्या आसपास येते. त्यात टायरमधून महिन्याला एखादा पीएसआय आपसूक झिरपतो तो वेगळा. म्हणून महिन्यातून दोनदा तपासा, स्टेपनीसकट.

नायट्रोजन भरला की हा त्रास संपतो ना?

साध्या हवेतच सुमारे ७८ टक्के नायट्रोजन असतो. शुद्ध नायट्रोजनमध्ये ओलावा नसतो आणि तो जरा हळू झिरपतो, एवढाच फायदा. तापमानाने दाब त्याचाही बदलतो. फुकट मिळत असेल तर भरा, पण तपासणी टाळायचं निमित्त म्हणून भरू नका.

टो, कॅम्बर, कॅस्टर हे काय प्रकरण आहे?

गाडीकडे वरून बघा. पुढच्या चाकांची तोंडं किंचित आत वळलेली असतील तर टो-इन, बाहेर फाकलेली असतील तर टो-आउट. समोरून बघितल्यावर चाक उभ्या रेषेपासून जितकं कलतं तो कॅम्बर: वरचा भाग आत झुकला तर निगेटिव्ह, बाहेर झुकला तर पॉझिटिव्ह. बाजूने बघितल्यावर स्टिअरिंगचा अक्ष जितका मागे-पुढे कलतो तो कॅस्टर. कॅस्टरने टायर सहसा झिजत नाही, पण दोन बाजूंचा सारखा नसेल तर गाडी एकीकडे ओढते.

टायर सगळ्यात लवकर खातो तो टो. तोंड तिरकं असलेलं चाक सरळ घरंगळत नाही, रस्त्यावर खोडरबरासारखं घासत पुढे जातं. हिशोब करून बघा. प्रत्येक चाक फक्त पाव अंशाने तिरकं असेल तर दर किलोमीटरला टायर जवळपास ४.४ मीटर आडवा फरफटतो. दहा हजार किलोमीटरमध्ये हे अंतर ४४ किलोमीटर होतं. आणि पाव अंश डोळ्यांना दिसतसुद्धा नाही.

टो-इन जास्त असेल तर बाहेरच्या कडा जातात, टो-आउट असेल तर आतल्या. हाताला आणखी एक खूण लागते. तळवा टायरवरून आधी आतून बाहेर आणि मग बाहेरून आत फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं टोचत असेल तर दोष 'टो'चा. आतून बाहेर जाताना टोचलं तर टो-इन, बाहेरून आत येताना टोचलं तर टो-आउट. कॅम्बरने झिजलेली कड मात्र दोन्ही दिशांनी गुळगुळीतच लागते. हात फिरवण्याआधी तारा बाहेर आलेल्या नाहीत ना ते बघून घ्या, फार वाईट कापतात.

दर ५ हजार किलोमीटरला अलाइनमेंट करतो, तरी एकच टायर आतून जातो. असं का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून जरा सविस्तर.

पुढच्या चाकांचा टो एका बाजूचा बिघडला तरी गाडी सरळ जाताना तो दोन्ही चाकांत वाटला जातो. चूक डाव्या टाय रॉडची (स्टिअरिंग आणि चाक जोडणारा दांडा) असली तरी स्टिअरिंग थोडं वाकडं होतं आणि दोन्ही टायर घासले जातात. म्हणून 'टो'चा दोष असेल तर खुणा साधारण दोन्ही पुढच्या टायरवर दिसतात. एकच टायर जात असेल तर त्याच कोपऱ्यात काहीतरी वाकलंय किंवा सैल झालंय, असा संशय आधी घ्यायचा. आमच्या रस्त्यांवर तो कोपरा बहुधा डावा पुढचा असतो. पावसाळ्यानंतर डांबराची कड तुटून साइडपट्टी खाली गेलेली असते, समोरून ट्रक आला की डावं चाक तिथे उतरतं आणि परत चढताना दणका खातं. फुटपाथला घासतं तेही डावंच.

वाकणाऱ्या वस्तू म्हणजे शॉकअपचा उभा स्ट्रट, लोअर आर्म (चाक खालून धरणारी भुजा) आणि नकल (ज्यावर चाक बसतं तो भाग). सैल होणाऱ्या म्हणजे लोअर आर्मचे बुश (सांध्यातले रबरी तुकडे), बॉल जॉइंट, टाय रॉड एंड आणि रॅक एंड (टाय रॉडचे बाहेरचा आणि आतला सांधा), चाकाचं बेअरिंग. बुश फाटलेला असेल तर गाडी मशीनवर उभी असताना कोन बरोबर दिसतात, कागदावर सगळे आकडे हिरवे, म्हणजे मर्यादेत, येतात. रस्त्यावर ब्रेक दाबला की तेच चाक मागे सरकतं आणि टो बदलतो. सैल भागांवर केलेली अलाइनमेंट दर ५ हजारांना नाही, दर आठवड्याला केली तरी टायर वाचणार नाही.

तपासणी सोपी आहे. चाक जॅकवर उचलून, गाडी नीट टेकूवर घेऊन, चाक घड्याळातल्या ३ आणि ९च्या जागी धरून हलवा. खटखट झाली तर टाय रॉड एंड किंवा रॅक एंड बघा. १२ आणि ६च्या जागी धरून हलवल्यावर खेळ जाणवला तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग. बुश बघायला पहार लावावी लागते, ते काम मेकॅनिकला करू द्या.

दुकानात म्हणाले कॅम्बर आउट आहे, 'कॅम्बर काढावा' लागेल, वेगळे पैसे. द्यावेत का?

आधी विचारा की नेमकं काय करणार. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांना, म्हणजे वॅगनआर, स्विफ्ट, आय१० वगैरेंना, कारखान्यातून पुढचा फक्त टो जुळवता येतो. कॅम्बर जुळवायची वेगळी सोय नसते. स्ट्रट आणि नकल जोडणाऱ्या दोन बोल्टांच्या भोकांत थोडी फट असते. ते ढिले करून, चाक त्या फटीपुरतं सरकवून पुन्हा कसलं तर त्यात काही वावगं नाही. खास कॅम्बर बोल्ट मिळतात तेही ठीक.

पण काही ठिकाणी हायड्रॉलिक जॅक लावून स्ट्रट किंवा नकल दाबून वाकवतात. आमचा याला स्पष्ट विरोध आहे. एखादा भाग वाकला म्हणून कॅम्बर बिघडला असेल तर वाकलेला भाग बदलायचा. दुसरा भाग उलट वाकवून आकडा हिरवा करणं म्हणजे एकाच्या जागी दोन भाग खराब करणं. आणि कॅम्बर दोन्ही बाजूंना सारखा असेल, कंपनीच्या मर्यादेत असेल आणि टायर सारखे झिजत असतील, तर काहीच करू नका.

अलाइनमेंट नीट झाली हे मला कसं कळेल?

समोर उभे राहून बघा. गाडी चढवण्याआधी चारही टायरची हवा तपासली का? मशीनमध्ये तुमच्याच गाडीचं मॉडेल आणि साल निवडलं का? चाकांना टार्गेट (मशीन वाचतं त्या पाट्या) लावल्यावर गाडी थोडी मागे-पुढे ढकलली का? रिम किंचित वाकडी असली तरी माप चुकू नये म्हणून हे करतात. स्टिअरिंग सरळ ठेवून लॉक केलं का? शेवटी 'आधी' आणि 'नंतर' असे दोन्ही आकडे असलेला कागद मागून घ्या. 'आधी'चाच रकाना महत्त्वाचा असतो, कारण बिघाड किती आणि कुठे होता ते त्यातच दिसतं. नुसता 'नंतर'चा हिरवा कागद हातात ठेवणाऱ्या दुकानात पुन्हा जाऊ नये.

बाहेर पडल्यावर सपाट रस्त्यावर चालवून बघा. स्टिअरिंग वाकडं राहिलं असेल तर लगेच परत जा. गाडी हलकेच डावीकडे जाते म्हणून मात्र लगेच भांडू नका. पाणी वाहून जावं म्हणून रस्त्याला बाहेरच्या बाजूला उतार दिलेला असतो, आणि आपण डावीकडून चालतो.

बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट एकच का?

नाही. अलाइनमेंट म्हणजे चाकांचे कोन. बॅलन्सिंग म्हणजे चाकाचं वजन चहूकडे सारखं करणं, त्यासाठी रिमला छोटी वजनं लावतात. बॅलन्सिंग बिघडलं की साधारण ८० ते १०० किलोमीटरच्या वेगात स्टिअरिंग थरथरतं. त्याने टायर आतून किंवा बाहेरून जात नाही. पावसाळ्यात कोकणातून येऊन गाडी थरथरू लागली तर दुकानात जाण्याआधी रिमची आतली बाजू पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवा. तिथे लाल चिखल वाळून चिकटलेला असतो.

टायरवर लाटांसारखे खळगे पडलेत आणि गाडी विमानासारखी घोंगावते.

बहुधा शॉकअप संपले आहेत. दमलेला शॉकअप चाकाला रस्त्यावर दाबून ठेवू शकत नाही. चाक उड्या मारत जातं आणि जिथे आदळतं तिथे खळगा पडतो. शॉकअपवर तेल ओघळलेलं दिसतं का बघा. हा आवाज अनेकदा बेअरिंगचा समजून बेअरिंग बदललं जातं, आवाज मात्र तसाच राहतो. खात्री करायची तर पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे टाकून बघा. आवाजाची जागा बदलली तर दोष टायरचा. चालत्या गाडीत मोकळ्या रस्त्यावर हलकं डावं-उजवं वळताना आवाज कमी-जास्त झाला तर बेअरिंगचा संशय घ्या.

शॉकअप बदलले तरी पडलेले खळगे भरून येत नाहीत. तो टायर पुढेही ओरडतच राहतो. हेच एका कडेने खाल्लेल्या टायरलाही लागू आहे. दुरुस्तीनंतर झिजेचा वेग कमी होतो, गेलेलं रबर परत येत नाही.

मागचे टायर आतून जातायत. मागे तर स्टिअरिंगच नाही!

स्टिअरिंग नसलं तरी टो आणि कॅम्बर मागच्या चाकांनाही असतात. बहुतेक छोट्या गाड्यांत मागे टॉर्शन बीम (दोन्ही मागची चाकं जोडणारा आडवा भाग) असतो आणि त्याचे कोन जुळवता येत नाहीत. तो वाकला, त्याचे बुश गेले किंवा स्टब ॲक्सल (चाक बसतं तो छोटा दांडा) वाकला तर तो भाग बदलावा लागतो. फरक थोडा असेल तर शिम (पातळ चकती) घालून भागतं. एक्सयूव्ही ७००सारख्या, मागे मल्टिलिंक सस्पेन्शन (प्रत्येक चाक अनेक दांड्यांनी वेगळं धरलेलं) असलेल्या गाडीची चारही चाकं मशीनवर नीट मोजून घ्यायला हवीत. 'फक्त पुढचं करतो' म्हणणाऱ्याकडे ती नेऊ नका.

डिकीत सीएनजीची टाकी बसवली असेल तर तिचे पन्नास-साठ किलो कायम मागच्या चाकांवर असतात. त्यावर गणपतीला गावी जाताना पाच माणसं आणि सामान. अशा गाडीच्या मागच्या टायरमध्ये पूर्ण भाराचा आकडा ठेवावा.

आम्ही घाटात राहतो. टायरच्या बाहेरच्या कडा जातात. दोष गाडीचा का?

असेलच असं नाही. आंबोली, कुंभार्ली, वरंधा अशा घाटांतून रोज ये-जा असेल तर वळणावर पुढच्या टायरची बाहेरची कड दाबली जाऊन घासतेच. दोन्ही टायर सारखे जात असतील आणि हाताला एका दिशेने टोचत नसेल, तर वळणावरचा वेग कमी करून आणि टायर वेळेवर फिरवून, म्हणजे त्यांच्या जागा बदलून, फरक पडतो. उतरताना खालचा गिअर ठेवा. आणि जागेवर उभ्या गाडीचं स्टिअरिंग गरागरा वळवायची सवय सोडा.

टायर कधी आणि कसे फिरवायचे?

दर ८ ते १० हजार किलोमीटरला. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत इंजिन पुढे आणि ताकदही पुढच्या चाकांना. वळवायचं, ओढायचं आणि ब्रेकचा बराचसा भार घ्यायचा, हे सगळं पुढचेच करतात, म्हणून तेच आधी झिजणार. अशा गाडीत पुढचे दोन सरळ मागे न्यायचे, मागचे दोन बाजू बदलून पुढे आणायचे. टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर बाजू बदलायची नाही, फक्त पुढे-मागे. स्टेपनी इतरांच्याच मापाची असेल तर तिलाही रांगेत घ्या. ८० किलोमीटर वेगमर्यादेचा स्टिकर असलेली बारीक स्टेपनी यात धरू नका.

टायर फिरवण्याआधी झीज बघून, लिहून ठेवा. नाहीतर पुढच्या कोपऱ्याचा दोष दाखवणारा टायर मागे जातो आणि खूण हरवते.

दोनच नवे टायर घ्यायचेत. पुढे टाकू का?

मागे टाका. टायर बनवणाऱ्या कंपन्याही हेच सांगतात. ओल्या रस्त्यावर मागचे टायर आधी सुटले तर गाडी गरकन फिरते, आणि ती सावरणं सर्वसाधारण चालकाला जमत नाही.

कड गेलेला टायर घेऊन समृद्धी महामार्गावरून नागपूरला गेलं तर चालेल का?

चालणार नाही. ७०१ किलोमीटरचा सलग काँक्रीटचा रस्ता, कारला १२० किलोमीटरची वेगमर्यादा आणि वरून ऊन. टायरमध्ये हवा कमी असेल तर त्याच्या बाजू सतत दुमडून तो आतून तापतो, आणि जिथे रबर पातळ झालंय तिथेच आधी हार मानतो. शहरातल्या ४०च्या वेगात वर्षभर निभावलेला टायर तिथे तासाभरात फुटू शकतो. निघण्याआधी तारा, फुगे, चिरा आणि थंड हवा बघा. टायरच्या बाजूवरचा चार आकडी कोडही वाचा: २३१९ म्हणजे २०१९ सालातला २३वा आठवडा. नक्षी भरपूर दिसली तरी इतका जुना टायर आधी जाणकाराला दाखवा.

टायर लगेच काढावाच लागेल, अशा खुणा कोणत्या?

तारा दिसणं. बाजूला फुगा येणं. एकाच जागी अचानक टक्कल पडणं किंवा उंचवटा येणं, आणि त्यासोबत कमी वेगातही गाडी डुलत चालणं. यातलं काहीही दिसलं तर आतले थर सुटले आहेत असं धरा, स्टेपनी लावा आणि सावकाश दुकान गाठा. फुगा आलेला टायर मागच्या चाकाला लावून 'अजून थोडा चालवू' म्हणणारे भेटतात. त्यांना गाडीची चावी देऊ नका.

वॉरंटीत मिळेल का काही?

टायरची वॉरंटी निर्मितीतल्या दोषासाठी असते. हवा, अलाइनमेंट किंवा सस्पेन्शनमुळे झालेली झीज त्यात धरत नाहीत. थर सुटून फुगा आला असेल तर बिल आणि टायर घेऊन डीलरकडे जरूर जा, पण तपासणीत खड्ड्याच्या दणक्याची खूण सापडली तर दावा फेटाळला जातो.